काळ्या गुळाचा रंग

"...पण चाचा, अकराशे चाळीस प्रीसेट आहेत माझ्याकडे. त्यातला एकही बसत नाही, असं कसं होईल?"

लतीफ मुलाणी चहा गाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कशावर बसत नाही?"

"फिल्मवर."

"फिल्म कशाची?"

"गुळाची."

"मग गुळाला विचारलंस?"

मानसिंग ताटेला हा प्रश्न आवडला नाही. त्याने पाठीवरची बॅग काढून खुर्चीवर ठेवली, जरा जोरातच.

लतीफचाचांनी तीस वर्षं मुंबईच्या एका फिल्म लॅबमध्ये काढली होती. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना प्रत्येक दृश्याला लाल, हिरवा आणि निळा उजेड किती द्यायचा, हे ते नुसत्या नजरेने ठरवायचे. लॅब बंद झाली तसे ते कोल्हापूरला घरी परत आले. पुढची खोली त्यांनी राखाडी रंगवून घेतली, एक चांगला मॉनिटर आणला, आणि येईल त्याला रंगाचं काम शिकवू लागले.

मानसिंग दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे चार महिने आला होता. मग एक दिवस त्याला वाटलं, आता झालं शिकून. त्यानंतर तो आज उगवत होता.

चाचांनी त्याच्यापुढे कप ठेवला. दोन वर्षं कुठे होतास, असं काही ते बोलले नाहीत.

"सांग. काय झालं?"

मानसिंगने सांगितलं.

हुंबरवाडीत बायकांचा एक बचत गट होता. अक्काताई चौगुले त्याच्या प्रमुख. सोळा जणी मिळून गुऱ्हाळ चालवायच्या. येत्या शनिवारी कोल्हापुरात गूळ उत्पादकांचा मेळावा होता, बाहेरगावचे व्यापारी येणार होते. तिथे दाखवायला गटाला पाच मिनिटांची फिल्म हवी होती. मानसिंगने तीन दिवस चित्रण केलं, जुळवाजुळव केली, आणि शेवटी आपला आवडता प्रीसेट, म्हणजे एक बटण दाबलं की सगळ्या चित्राचा रंग बदलणारी तयार जुळणी, लावला. त्याचं नाव होतं 'गोल्डन ड्रीम ०७'.

सगळं सोन्यासारखं झळाळून उठलं. चुलवाणातला जाळ, उसाची पानं, बायकांचे चेहरे, गुळाची ढेप.

काल, मंगळवारी, तो फिल्म घेऊन हुंबरवाडीला गेला. बायका लॅपटॉपभोवती गोळा झाल्या. दोघी-तिघी स्वतःला बघून हसल्या. अक्काताई हसल्या नाहीत.

"ह्यो गूळ कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच की, अक्काताई."

"आमचा न्हवं ह्यो. आमचा काळा हाय."

"अहो, फिल्ममध्ये जरा उठून दिसायला लागतं. सगळे असंच करतात."

अक्काताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"दादा, दोन वरसं झाली आमी पावडर टाकायचं बंद करून. पावडर टाकली की गूळ असाच पिवळाधमक हुतोय. बाजारात लोक हसत्यात आमच्या गुळाला. त्याला काळा म्हणत्यात, जळका म्हणत्यात. तरी आमी टाकत न्हाई. आन तुमी... एका बटनात टाकलीसा."

काहिलीतला रस तेवढा खदखदत होता.

मानसिंग घरी परतला आणि गडद रंगाचे प्रीसेट लावून बघू लागला. गूळ काळा झाला, पण बायकांच्या चेहऱ्यांवर काजळी बसल्यासारखी दिसू लागली. अक्काताई तर ओळखूच येईनात.

"लोक माझ्या रंगासाठी येतात, चाचा," तो म्हणाला. "माझा म्हणून एक टोन आहे. आणि एक गूळवाली बाई मला सांगते..."

तो थांबला. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

चाचांनी चहा संपवला.

"प्रीसेट आणलेस?"

"हो. हार्ड डिस्कमध्ये आहेत. तुमच्या मशीनवर टाकतो. मग तुम्हीच सांगा कुठला लावायचा."

"टाक."

मानसिंगने डिस्क जोडली आणि सगळे गठ्ठे एकदम उचलून सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये सोडले. सॉफ्टवेअर उघडलं. यादी रिकामी.

त्याने बंद करून पुन्हा उघडलं. यादी रिकामीच.

"माझ्याकडे तर दिसतात!"

"तुझ्याकडे कुणी टाकून दिले होते?"

"...एका मित्राने."

चाचा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"हे गठ्ठे बांधलेले आहेत अजून. झिप सोडव आधी. गठ्ठ्यात गठ्ठा, त्यात आणखी गठ्ठा... सॉफ्टवेअर किती आत शिरून बघणार? मूळ प्रत वेगळी ठेव, तिला हात लावायचा नाही. उद्या सॉफ्टवेअर काढलं, नवं घातलं, की आतलं सगळं जाऊ शकतं. आता सोडवलेल्या फाईली इथं आण. सेटिंगमध्ये जा. रंगांचं फोल्डर उघड. तिथं ठेव. आता यादी रिफ्रेश कर."

मानसिंगने केलं.

यादी भरली. खाली खाली सरकतच राहिली. 'गोल्डन ड्रीम', 'सिनेमॅटिक फायनल', 'सिनेमॅटिक फायनल २', 'मूडी ब्लू', 'रॉयल वेडिंग', 'मॅजिक'...

"छान," चाचा म्हणाले. "आता सगळी नावं पूस."

"काय?"

"नावं पूस. आणि नवी दे."

"अकराशे चाळीस?"

"तुझेच आहेत ना?"

...

चाचांनी मानसिंगच्याच चित्रणातलं एक दृश्य निवडून दिलं. त्यात अक्काताईंचा चेहरा होता, मागे उसाची हिरवी पानं, साच्यावर अंथरलेलं पांढरं फडकं, आणि कडेला ढेप.

"एकेक प्रीसेट ह्यावर लाव. पांढऱ्याचं काय झालं बघ, हिरव्याचं काय झालं बघ, चेहऱ्याचं काय झालं बघ. जे दिसेल तेच नाव. 'मॅजिक' म्हणजे काय ते मला कळत नाही."

"आणि फोल्डर? मी तर मूडप्रमाणे लावणार होतो. आनंदी, उदास, रोमँटिक..."

"फोल्डर तीन कर. पहिल्याचं नाव 'आधी'. दुसऱ्याचं 'नंतर'."

"म्हणजे?"

"काही प्रीसेट कच्च्या चित्रणासाठी असतात. कॅमेरा फिकट, धुतल्यासारखं चित्र देतो, त्याला जागेवर आणायचं काम त्यांचं. ते 'आधी'. काही नुसता साज चढवतात. ते 'नंतर'. तू हे चित्रण कसं केलंस, फिकट का रंग भरून?"

"...रंग भरून. कॅमेऱ्यातच."

"आणि 'गोल्डन ड्रीम' कशासाठी आहे?"

मानसिंगने मूळ गठ्ठ्यासोबत आलेला सूचनांचा मजकूर उघडला. तो त्याने कधीच वाचला नव्हता. त्यात लिहिलं होतं, फक्त कच्च्या, फिकट चित्रणासाठी.

"म्हणजे मी रंगावर रंग चढवला."

चाचांनी मान हलवली.

"आणि तिसरं फोल्डर?"

"'माहीत नाही'."

मानसिंग हसला. चाचा हसले नाहीत, तसं त्याने हसू आवरलं आणि फोल्डर तयार केलं.

दुपारपर्यंत दोनशे झाले. 'पांढरं पिवळं करतो, चेहरा लाल करतो.' 'हिरवं मारतो.' 'सावलीत निळा घालतो.' सुरुवातीला तो प्रत्येक नावापाशी अडत होता, मग हात बसला. आतल्या घरातून जेवण आलं. दोघांनी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. परत खुर्ची.

चार वाजता मानसिंग एकदम थांबला.

"चाचा... हे तेच आहेत."

"कोण?"

"हा आणि सकाळचा. आणि हा पण. नाव वेगळं, काम तेच. मी एकच गोष्ट चाळीस वेळा जमवली आहे."

चाचा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मग सारखे दिसणारे भराभर निघू लागले, आणि संध्याकाळी साडेसहाला यादी संपली. 'आधी'मध्ये सहा उरले. 'नंतर'मध्ये नऊ. तेच तेच पुन्हा आलेले त्याने यादीतून काढून टाकले होते. बाकीचे सगळे, तीनशेच्या वर, 'माहीत नाही'मध्ये होते. लावल्यावर काहीतरी होत होतं, पण काय होतंय ते त्याला सांगता येत नव्हतं.

तो बराच वेळ त्या तिसऱ्या फोल्डरकडे बघत राहिला.

"कॉलेजमध्ये आमचे एक सर होते," तो म्हणाला. "पहिल्याच सेमिस्टरला माझं काम बघून सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ताटे, तुला रंगाचा डोळा नाही, तू आवाजाच्या विभागाकडे जा."

चाचांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"त्यानंतर मी जमवायला लागलो. जो कुणी चांगलं काम करतो, त्याचा प्रीसेट मिळवायचा. वाटायचं, आपला डोळा नसला तर नसला... इतक्या लोकांचे डोळे आपल्याकडे आहेत."

चाचांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"उद्या सकाळी हुंबरवाडीला जा," चाचा म्हणाले.

"परत चित्रण करू?"

"कॅमेरा नेऊ नको."

...

गुरुवारी सकाळी मानसिंग मोटरसायकलवरून गेला. रिकाम्या हातांनी आलेला बघून बायकांना नवल वाटलं.

"काय, फिल्म झाली न्हाई व्हय?" अक्काताईंनी विचारलं.

"नाही अजून. बघायला आलोय."

"काय बघायला?"

"गूळ."

अक्काताईंनी त्याला एकदा निरखलं. मग एक पोतं झटकून काहिलीपासून जरा लांब पसरलं.

"बसा हितं. वाफंच्या वाऱ्याला बसू नगा."

तो बसला. रस उकळून फेस वर येत होता, तेव्हा तो फिकट, चिखलाच्या पाण्यासारखा होता. मळी काढली तसा हिरवट दिसू लागला. मग तांबूस. बायका मोठमोठ्या दांड्यांनी ढवळत होत्या. हळूहळू तो दाट झाला, तपकिरी झाला. चौघींनी काहील कलती केली आणि पाक थंड व्हायला वाफ्याच्या उथळ हौदात ओतला. अंगावर उष्ण झोत आला.

"ह्यो आता," अक्काताई म्हणाल्या. "ह्यो आता गूळ."

थंड होऊन साच्यातून निघालेली एक लहान ढेप त्यांनी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"घिऊन जावा. लागंल तुमाला."

...

शुक्रवारी सकाळी चाचांनी ती ढेप मॉनिटरशेजारी ठेवली आणि मॉनिटर बंद केला.

खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता.

"सांग. रंग कुठला?"

"काळा."

"परत."

"...गडद तपकिरी."

चाचांनी ढेपेकडे बोट केलं. मानसिंग वाकला. ढेप हातात घेऊन त्याने ती उजेडात फिरवली.

"कडेला... कडेला मधासारखा आहे. जिथं पातळ आहे तिथं. मधे तांबडा. आणि आत... चाचा, आत थोडा जांभळट आहे."

"मला दिसत नाही."

"असं बघा, हा कोपरा. इथं. जांभूळ पिळल्यासारखा, अगदी थोडासा..."

चाचांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि बराच वेळ पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "मोतीबिंदू पडू लागल्यापासून मला हा रंग जरा उशिरा दिसतो. तुला आधी दिसला."

मानसिंगने ढेप हळूच खाली ठेवली. मग खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. चाचांनी उगाचच खिडकीची एक काच सरकवली.

मग मॉनिटर लागला.

मानसिंगने लावलेलं सगळं काढून टाकलं. चित्र कॅमेऱ्यातून आलं होतं तसं उरलं, जरा पिवळट, जरा सपाट. त्याने साच्यावरचं फडकं पकडलं आणि ते फडक्याइतकंच पांढरं केलं. तेवढ्याने अक्काताईंचा चेहरा बदलला. सावळा, घामेजलेला, जिवंत. सावल्या थोड्या खाली नेल्या. मग गुळावर आला. ढेपेकडे बघायचा, मॉनिटरकडे बघायचा, आणि मॉनिटरवरची रंगाची चक्री केसभर फिरवायचा.

पाच मिनिटांच्या फिल्मला दुपारचे तीन वाजले. एकदा त्याने 'नंतर' फोल्डरमधला एक प्रीसेट लावून पाहिला. अगदी हलका, सावलीला किंचित ऊब देणारा. बसला. तो त्याने राहू दिला.

"एक लावलाय," तो जरा चाचरत म्हणाला.

"दिसतंय."

"काढू?"

"चांगला आहे की. का काढतोस?"

काम संपल्यावर मानसिंगने सगळी जुळणी एका फाईलमध्ये बांधली.

"सेव्ह करून ठेवतो. नाव काय देऊ, चाचा?"

"तूच दे."

मानसिंगने विचार केला. मग टंकलं, 'हुंबरवाडी, गुऱ्हाळ, सकाळी दहाचा उजेड.'

चाचांनी ते वाचलं आणि पुन्हा चहाचं आधण ठेवायला उठले.

...

शनिवारी मेळाव्याचं सभागृह भरलं होतं. पडद्याशेजारच्या टेबलावर गटाच्या ढेपा मांडल्या होत्या. चाचा शेवटच्या रांगेत बसले, मानसिंग भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला बसवत नव्हतं.

आधी दुसऱ्या दोन गटांच्या फिल्म झाल्या. दोन्हीत गूळ पिवळाधमक होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मानसिंगने टेबलावरच्या काळ्या ढेपांकडे पाहिलं.

मग हुंबरवाडीची लागली.

सभागृहात थोडी कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "केवढा काळा." फिल्म पुढे सरकली. फेस, मळी, तांबूस रस, वाफ. वाफ्यात पसरणारा पाक. पडद्यावर अक्काताई सांगत होत्या, "आमी ह्यात काय बी टाकत न्हाई, म्हणून ह्यो असा दिसतोय."

फिल्म संपली. टाळ्या आधीच्यांपेक्षा कमीच पडल्या.

पण ढेपेचं शेवटचं दृश्य पडद्यावर थांबलेलं होतं. एक म्हातारे व्यापारी उठले, टेबलापाशी गेले, एक खडा उचलला, आणि पडद्यावरच्या ढेपेशेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"अहो," ते वळून म्हणाले, "हा तोच आहे!"

मग आणखी दोघे उठले. मग पाच-सहा जण. टेबलाभोवती घोळका झाला. इतर गटांच्या टेबलांवरचे खडेही लोक उचलून, मघाशी त्यांच्या फिल्ममध्ये दिसलेल्या रंगाशी ताडून बघू लागले, आणि ते करताना काहींच्या कपाळावर आठ्या येत होत्या.

अक्काताई घोळक्यातून वाट काढत मानसिंगकडे आल्या.

"माज्या हातावरचा भाजल्याचा डाग बी दिसतोय की त्यात."

मानसिंग दचकला. "काढायचा का, अक्काताई? लगेच निघतो."

"नगं, नगं. ऱ्हाऊ दे." त्यांनी हात उलटा करून स्वतःच बघितला. "माजाच हाय त्यो." आणि त्या परत टेबलाकडे गेल्या, कारण कुणीतरी पुढच्या महिन्यात किती ढेपा मिळतील ते विचारत होतं.

...

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मानसिंग चाचांच्या खोलीत आला तो जवळजवळ उड्या मारतच.

"चाचा! 'माहीत नाही'मधले एकवीस बाहेर काढले. काय करतात ते कळलं."

"वा."

"आणि दुसरी गोष्ट. हुंबरवाडीच्या पलीकडे आणखी एक गट आहे, ते पण बिनपावडरीचा गूळ करतात. त्यांनी मेळाव्यात फिल्म बघितली. मला म्हणाले, आम्हाला पण अगदी तस्साच रंग द्या."

"बरं."

"चित्रण परवाच झालं. कॅमेरा तोच, उजेड पण सकाळचाच. गूळ दिसायला सारखाच आहे, मी नीट बघितलाय. म्हणून म्हटलं, आपली ती फाईल आहेच. नुसती लावायची." तो थांबला. खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवू लागला. "लावू ना, चाचा? का... काही राहिलं?"

चाचांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं.

"दिसायला सारखा, ठीक. पण त्यांच्या गुळाला विचारलंस? खाऊन बघितलास?"